अकरा खोडं आणि एक नर

आमच्या चर्चच्या मासिकात प्रवासवर्णनं छापून येतात ती जेरुसलेमची, फातिमाची, गेला बाजार वेलंकनीची. लिहिणारे विमानाच्या खिडकीतल्या ढगांपासून सुरुवात करतात. माझ्या प्रवासाला वाहन म्हणजे पंधरा वर्षांची स्कूटर, अंतर तासाभराचं, आणि जिथे पोचलो तो डोंगर आमच्या गच्चीवरून रोज दिसतो. तरीही लिहितोय. कारण वसईच्या पश्चिमेला जन्म काढून तुंगारेश्वराच्या जंगलात तीन दिवस झाडांना गाल लावून उभा राहिलेला माणूस आमच्या आळीत मी एकटाच आहे. सहलीला जाऊन ओढ्यात पाय बुडवून आलेले पुष्कळ आहेत. त्यांना मी धरत नाही.

गेलो होतो कोळी शोधायला. आठ पायांचा, खोडावर राहणारा. आणि तोही नर.

निघण्याआधी: माझा पराक्रम

माझी मुलगी सुझन मुंबईच्या कॉलेजात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आणि तिथेच होस्टेलला राहते. मुलगी डॉक्टर होणार असं मी नातेवाइकांत आधीच सांगून ठेवलं होतं. तिने कोळी निवडले. मग मी नातेवाइकांना ‘संशोधन’ एवढंच सांगायला लागलो. कशाचं, ते कुणी विचारलं तर चहा मागवायचो.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी केळींना पाणी सोडायला वाडीत गेलो आणि जागीच थांबलो. आंब्याच्या खोडावर लाल रंगात एक आकडा होता. एक. फणसावर दोन. असं करत बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठावरच्या चिंचेपर्यंत अकरा.

आमच्या भागात झाडावर आकडा दिसला की माणसाचं रक्त तापतं. आकडा म्हणजे मोजणी, मोजणी म्हणजे रस्ता, आणि रस्ता म्हणजे त्या झाडाचा शेवटचा पावसाळा. मी शेजारच्या पास्कलला हाक मारली. तो बनियनवर धावत आला, आकडे बघितले आणि म्हणाला, “बस्त्याव, आकडाच राहिला नाही, तर मोजणार काय?”

एवढं शहाणपण आम्हा दोघांना पुरलं. नाताळाआधी खोडांना चुना लावायचा असतोच. तो महिनाभर आधी लावला. अकरा वाजेपर्यंत अकरा खोडं पुरुषभर उंचीपर्यंत पांढरीशुभ्र. फणसाला तर मी प्रेमाने दोन हात दिले. मग आम्ही बावखलाच्या काठी बसून सरकारला हरवल्याच्या थाटात चहा प्यायलो.

संध्याकाळी सुझन घरी आली. भिंग गळ्यात अडकवून सरळ वाडीत गेली. पाच मिनिटांनी तिची हाक आली, आणि त्या हाकेत काहीतरी होतं.

“पप्पा, हे कुणी केलं?”

“मी,” मी छाती काढून म्हणालो. “आणि पास्कल अंकल.”

ती एका झाडाकडून दुसऱ्याकडे गेली. चौथ्या खोडावरून तिने नखाने चुन्याचा एक पापुद्रा उचलला. त्यात काहीतरी चपटं, पाय पसरलेलं चिकटलं होतं. “ही चारची मादी,” एवढंच म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं.

आकडे तिनेच घातले होते. दिवाळीच्या सुट्टीत. मला सांगितलंही होतं म्हणे, मी फुटबॉलची मॅच बघत असताना, आणि मी “हो, हो, घाल” म्हणालो होतो. माझी बायको मार्था साक्षीदार आहे. “मला माहीत होतं की यांनी ऐकलं नाही,” ती म्हणाली. “पण हे कधीच ऐकत नाहीत, म्हणून मी वेगळं काही मानलं नाही.”

त्या रात्री जेवताना मुलीचा अभ्यास काय आहे ते मी पहिल्यांदा ऐकलं. दीड वर्ष उशिरा.

हे कोळी जाळं विणत नाहीत. झाडाच्या सालीवर चपटे होऊन बसतात, सालीच्याच रंगाचे. मागे दोन लांब शेपट्या. त्या शेपट्या नव्हेतच, धागा सोडायच्या नळ्या आहेत. या दोन शेपट्यांवरून त्यांचं कुळ ओळखायचं. हर्सिलिडी असं त्या कुळाचं नाव. पण कुळ कळलं म्हणजे सगळं कळलं असं नाही. आमच्याकडे एकाच आडनावाची साठ घरं आहेत. नुसतं आडनाव सांगून पोस्टमनसुद्धा पत्र देत नाही. कुळाच्या पोटात प्रजाती, प्रजातीच्या पोटात जाती.

सुझनचं म्हणणं असं, की आमच्या वाडीतले कोळी नेहमी दिसणाऱ्या जातीचे नाहीत. ते जंगलातल्या जातीचे आहेत, आणि वाडीत ते आहेत हे अजून कुणी लिहिलेलं नाही. तिच्या कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या होत्या, “असेल. नर आण, मग बोलू.” या दोन जातींच्या माद्या दिसायला जवळजवळ सारख्या. फरक कळतो तो वाढलेल्या नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड हातांवरून. त्यांच्या टोकाची घडण प्रत्येक जातीत वेगळी, कुलपागणिक किल्ली वेगळी तशी. सात नंबरच्या झाडावर दोन कोवळे नर मोठे व्हायच्या बेतात होते. त्यांची ती वाट बघत होती.

सात नंबरला मी चुना लावताना गाणं म्हणत होतो, हेही मला आठवलं. ते मी सांगितलं नाही.

“आता?” मी विचारलं.

“आता लिहायचं, ‘जात निश्चित करता आली नाही.’” ती वरण कालवत म्हणाली. “जानेवारीत नमुने दाखवायचे आहेत. तुंगारेश्वरात नर मिळाला तर त्याच्या जोडीची मादी खात्रीची, आणि वाडीतून मी आधी कॉलेजात नेलेल्या माद्या तिच्याशी ताडून बघता येतील. तिथली परवानगी आहे माझ्याकडे, पण बरोबर येणारी मैत्रीण काविळीने पडली आहे. एकटीला जाऊ देत नाहीत.”

“मी येतो.”

दोघींनी माझ्याकडे बघितलं. “घेऊन जा,” मार्था म्हणाली. “निदान उरलेली झाडं वाचतील.”

पहिला दिवस: माकडं आणि काशीबाई

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालो. मार्थाने डबाभर फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे आमचे गोल वडे, तळून दिले होते आणि मोठ्या काचेच्या बरणीत सुकेळी. आमच्या राजेळी केळ्यांची ती उन्हात वाळवलेली, मधासारखी गोड सुकेळी वसईबाहेर फारशी कुणाला माहीत नाहीत, याचा आम्हाला राग आहे आणि आनंदही.

नालासोपाऱ्याचा पूल, मग आचोळे, मग हायवे. आचोळ्यात माझ्या मावसभावाचा चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे. त्याच्या खिडकीतून हा डोंगर भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा दिसतो आणि तोही कधी गेलेला नाही. फाट्यावरून आत वळलो, दोन ओढे ओलांडले, आणि कानात एकदम पोकळी झाल्यासारखं वाटलं. पाच मिनिटांपूर्वीचे हॉर्न कुठे गेले कळेना.

देवळाकडच्या वळणावर मी स्कूटर थांबवून हेल्मेट काढलं, घाम पुसला, आणि तेवढ्यात एका माकडिणीने फुग्यांचा डबा उचलला. झाकण तिने आमच्या मार्थापेक्षा लवकर उघडलं. पोर पोटाला बांधून ती एकेक फुगा मोडून आत वास घेत होती. कॅथलिक पदार्थ तिला पसंत पडला असावा. एकही उरला नाही.

“पप्पा, सुकेळी धरा घट्ट,” सुझन म्हणाली. ही सूचना पुढे ऐतिहासिक ठरली.

मुक्काम काशीबाईकडे. पायथ्याच्या पाड्यात तिचं कुडाचं घर, अंगण शेणाने सारवलेलं, आरशासारखं. काशीबाई साठीची. माझी आई होती तोवर दर वर्षी भाताच्या लावणीला आमच्या वाडीत यायची. मला तिने हाफपॅन्टीत पाहिलं आहे आणि ते ती विसरत नाही.

“बस्तूभाऊ, तू इकडं कसा रं? वाट चुकला का बायकोनं हाकलला?”

“नर शोधायला आलोय, काशीबाई.”

तिने सुझनकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “पोरीला? हितं डोंगरात?”

सुझन हसून अंगणातच बसली. मोबाइलवर फोटो दाखवले, कुळ, शेपट्या, नराचे हात, सगळं सांगितलं. काशीबाईने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. “ह्ये तर आंब्यावर, ऐनावर असत्यात. हात लावाया गेलं की मागल्या अंगाला पळत्यात. पन मला एक सांग पोरी. बाई समोर बसलीया, दिसतीया, तरी तिचा दाल्ला भेटल्याबगर तुमच्या कालेजात तिची वळख पटत नाय?”

“या दोघींत फार सारखेपणा आहे ना मावशी.”

“माझा दाल्ला जाऊन वीस वरसं झाली. रेशनकार्डावर मीच हाय.” आणि ती भाकरी थापायला उठली.

जेवायला तांदळाची भाकर, उडदाची आमटी आणि सुक्या जवळ्याची चटणी. आमच्याकडे जवळ्यात चिंच आणि वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवलेला ‘बाटलीचा मसाला’ पडतो, वर आम्ही त्याचा अभिमान बाळगतो. इथे मीठ, मिरची आणि तव्याचा धूर. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. माकडिणीवरचा राग त्यात विरघळला.

दुसरा दिवस: बघायला शिकणं

सकाळी सात वाजता सुझनने मला एका आंब्यासमोर उभं केलं. “किती दिसतात?”

मी नीट बघितलं. “एकही नाही.”

“तीन आहेत.”

खोडाकडे समोरून बघायचं नसतं. गाल सालीला टेकवायचा आणि एका डोळ्याने खोडाच्या कडेने, सुतार फळीची रेघ बघतो तसं बघायचं. मग साल एका जागी किंचित फुगलेली दिसते. ती साल नसते. मी गाल टेकवला. मुंग्यांनी कानाची पाहणी केली. बराच वेळ नुसतं झाड दिसलं, आणि मग एकदम, डोकं खाली, पाय चहूकडे पसरलेली, मागे दोन बारीक शेपट्या फाकलेली ती दिसली. इतक्या वेळ ती तिथेच होती. वाडीत चाळीस वर्षं ही माझ्या नाकासमोर होती आणि मी तिच्यावरून ब्रश फिरवला.

एक लहान पतंग तिच्याजवळ उतरला. त्यानंतर जे झालं ते मी तीन वेळा मार्थाला करून दाखवलं आहे. ती झेपावली, त्याच्याकडे पाठ केली आणि त्याच्याभोवती गरागरा पळत सुटली. शेपट्यांतून धागा सुटतोय, पतंग खोडाला बांधला जातोय. भोवऱ्याला दोरी गुंडाळतो तसं, फक्त इथे भोवरा जागेवर आणि दोरीच धावतेय. काही क्षणांत काम संपलं.

“बघितलंत?” सुझनने विचारलं.

मी मान हलवली. कोळी बघितला असं म्हणायला हरकत नाही. पण खरं सांगायचं तर मी सुझनकडे बघत होतो. ही मुलगी घरात चप्पल शोधताना तीन हाका मारते. इथे ती पाऊल टाकत होती ते पान न वाजवता. वहीत झाड, उंची, दिशा, सावली लिहीत होती. खोडावरून किडा उचलायचा तर आधी विचार करत होती, आणि नको असेल तर “बस तू” म्हणून पुढे जात होती. माझ्या ऑफिसात तीस वर्षांत मी कुणाला इतकं नीट काम करताना पाहिलेलं नाही. मला धरून.

दिवसभरात माद्या पुष्कळ मिळाल्या, पिल्लं मिळाली. नर एकही नाही. संध्याकाळी अंगणात ती वही मिटून बसली. “उद्या दुपारपर्यंतच परवानगी आहे,” ती म्हणाली. चुन्याबद्दल तिने अख्ख्या प्रवासात एक शब्द काढला नाही. त्याचंच ओझं मला जास्त झालं.

तिसरा दिवस: प्रदक्षिणा

सकाळी काशीबाई आमच्याबरोबर निघाली. “मी सरपनाला जाते तिकडं एक जुना ऐन हाय. त्याच्यावर बारका, लांब टांगांचा एक बसतोय. बाईपासून चार बोटं लांब. माझ्या भावजयीचा नवरा बसतो तसा.”

ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी भेगांची. खोड दोघांच्या कवेत न मावणारं. मी सराइतासारखा गाल टेकवला. मादी होती. तिच्या वर, चार बोटांवर, एक सडपातळ आकृती.

“सुझन,” मी कुजबुजलो. “हा काय?”

तिने भिंग लावलं. तिचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. “नर आहे.”

आणि नर पलीकडच्या अंगाला पळाला. सुझन पलीकडे गेली. तो माझ्याकडे आला. मी हात पुढे केला, तो काशीबाईकडे. पुढची दहा मिनिटं आम्ही तिघं त्या झाडाभोवती फिरत होतो. लांबून कुणी बघितलं असतं तर वडाचं व्रत चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या झाडाला चाललंय असं वाटलं असतं, त्यात एक टकला कॅथलिक.

“भाऊ, पळू नको! झाडाला मिठी मार आन हुबा रहा!” काशीबाई ओरडली.

मी मारली. पूर्ण. पोट, छाती, गाल, सगळं सालीला. दुसऱ्या अंगाने काशीबाईने मारली. आमची बोटं एकमेकांना टेकली आणि खोडाचा एकच तुकडा मोकळा राहिला. तिथे सुझन नळी घेऊन. तो आला. माझ्या मनगटावरून गेला, इतका हलका की नजरेलाच कळला. सुझनने नळी अलगद पुढे धरली आणि तो चालत आत शिरला, आपणहून, घरात शिरावं तसा.

मी आरोळी ठोकणार होतो. पण सुझनचा चेहरा बघितला.

“हात फुगलेत,” ती भिंगातून बघत म्हणाली, “पण उघडलेले नाहीत. अजून एक कात टाकायची आहे याला. त्याआधी काहीच सांगता येणार नाही.” ती खाली बसली. “आणि या नळीत तो कात टाकू शकणार नाही. लटकायला जागा लागते. मोठी बरणी हवी.”

आम्ही तिघांनी एकदमच सुकेळ्यांच्या बरणीकडे बघितलं.

बरणी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. ओतून ठेवली तर माकडं टपलेली. तेव्हा ऐनाखाली बसून आम्ही ती संपवली. शास्त्रासाठी मी एकट्याने सतरा सुकेळी खाल्ली. काशीबाईने नऊ, आणि “गोड हाय, पन दाताला कोळ्यावानी चिकटतंय” असा अभिप्राय दिला. मग तिने बरणी ओढ्यावर राखेने घासली, उन्हात सुकवली. सुझनने आत सालीचा तुकडा उभा केला, तोंडाला मलमलीचं फडकं बांधलं, आणि रिकाम्या झालेल्या नळीत त्याच खोडावरची मादी घेतली. येताना स्कूटर सुझनने चालवली. मी मागे, बरणी पोटाशी धरून. हायवेवर ट्रकवाल्याने हॉर्न मारला तेव्हा मी बरणीचे कान झाकायला गेलो.

परत आल्यावर: बरणीचा रखवालदार

सुझनची प्रॅक्टिकल परीक्षा होती, तिला होस्टेलवर जाणं भाग होतं. तिने बरणी टेबलावर ठेवली, माझ्याकडे बघितलं. “पप्पा, याला तुम्ही सांभाळाल?”

अकरा झाडांवरच्या कोळ्यांचा खुनी मी. आणि ती मलाच विचारत होती.

मी ऑफिसात रजा वाढवली. कारण ‘घरगुती’ लिहिलं. कोवळ्या नराला बारीक माश्या लागतात, आणि पिकून काळ्या पडलेल्या केळ्यावर माश्या गोळा करणं हे वसईच्या माणसाला शिकवावं लागत नाही. दिवसातून दोनदा फडक्यावर पाण्याचे चार थेंब. मी रोज सकाळी त्याला सुप्रभात म्हणायचो. मार्था म्हणाली, “माझ्या बाळंतपणात इतक्या फेऱ्या मारल्या नव्हत्या.”

नवव्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये मिस्साला निघताना बघितलं तर तो सालीवरून उलटा लोंबत होता. सुकलेला, पोकळ, हलतसुद्धा नव्हता. मी सुझनला व्हिडिओ कॉल लावला आणि कसंबसं म्हणालो, “बाळा, मला माफ कर. मेला गं.”

“कॅमेरा जवळ न्या.” मी नेला. “पप्पा, वर बघा. फडक्याजवळ.”

वर, फडक्याला टेकून, एक लांब पायांचा, नवा, फिकट कोळी बसला होता. लोंबत होती ती जुनी कात.

“हात बघा त्याचे! पप्पा, उघडलेत!” ती होस्टेलच्या जिन्यात नाचत होती, मागून कुणीतरी हिंदीत विचारत होतं की लग्न ठरलं का.

त्या रविवारी माझी मिस्सा चुकली. देवाला कारण माहीत आहे.

मॅडमनी त्याला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बराच वेळ बघितलं. मग सुझनला म्हणाल्या, “लिही.” नर जंगली जातीचा होता, त्याच खोडावरची मादी आणि तिने आधी वाडीतून नेऊन कॉलेजात ठेवलेल्या माद्या, सगळ्या त्याच्याच जातीच्या. माझी मुलगी बरोबर होती. आमच्या वाडीत, सुपारी आणि केळींच्या मधे, त्या अकरा जुन्या झाडांवर जंगलाचा एक तुकडा राहून गेला होता. नर कायमचा स्पिरिटच्या बाटलीत गेला हे कळल्यावर मी दोन दिवस नीट जेवलो नाही, ते सोडा. बाटलीवरच्या चिठ्ठीत त्याचं कुळ, प्रजाती, जात, सगळं लिहिलेलं आहे. आमच्या खानदानात इतका नीट पत्ता कुणाचा नाही.

प्रबंध इंग्रजीत आहे. सुझनने आम्हाला मराठीत वाचून दाखवला. त्यात एक वाक्य आहे: ‘वाडीतील खोडांना चुना लावल्यामुळे तेथील कोळी नष्ट झाले.’

“कुणी लावला ते लिही की,” मी म्हणालो. “मला चालेल.”

“शास्त्रात कारण लागतं पप्पा, नाव नाही.”

पण शेवटच्या पानावर आभार आहेत, आणि तिथे नावं लागतात. दोनच आहेत. काशीबाईचं पहिलं, माझं दुसरं. हा क्रम मला मान्य आहे. ते पान मी मिस्सा सुटल्यावर किती जणांना दाखवलं, हे फादरनाच विचारा. आता मुलगी काय करते असं कुणी विचारलं की मी चहा मागवत नाही. “कोळी,” असं म्हणतो, आणि पुढचा अर्धा तास त्याला सोडत नाही.

परवाच्या नोव्हेंबरात पास्कल पुन्हा धावत आला. या खेपेस चुन्याची बादली घेऊनच.

“बस्त्याव! अरे, आकडे परत आले!”

पहिल्या पावसातच चुना धुऊन गेला होता. सुझनने सुट्टीत येऊन आकडे नव्याने घातले होते. मी फणसाला पाठ लावून, हात पसरून उभा राहिलो.

“माझ्या पोरीचे आहेत. हात लावायचा नाही.”

पास्कलने बादली खाली ठेवली. एकेक झाड बघत बावखलापर्यंत गेला आणि काठावरच्या एका माडापाशी थांबला.

“अकरा होते ना? हा बारा कुठून आला? आणि अक्षर तर एकदम घाणेरडं आहे. हे काय सुझनचं नाही.”

“गाल टेकव,” मी म्हणालो. “कडेने बघ. आकड्याच्या चार बोटं वर.”

त्याने बनियन सावरलं आणि माडाला गाल लावला. बारा मी लिहिला होता.